दादांनी भिरकावलेली किल्ली

आमच्या दादांसमोर कुणी शंका काढू नये, एवढंच सांगतो. माझी सून बेंगळुरूची, मराठी शिकतीय. परवा उसाच्या बांधावर तिनं मला विचारलं, "बाबा, फेकणं आणि भिरकावणं यात फरक काय?"

मी सांगितलं, "सगळी ताकद लावून, कुठं पडंल याची पर्वा न करता लांब फेकलं, की भिरकावलं."

तेवढ्यावर भागलं असतं. पण माझे थोरले भाऊ पडले रिटायर फौजी! "असं तोंडानं सांगून कळतंय व्हय रं?" म्हणाले आणि हातातली ट्रॅक्टरची किल्ली दिली की उसात भिरकावून! वर स्वतः धाडकन बांधावर पालथे. चक्कर आली असं समजून आम्ही सगळे त्यांच्याकडं धावलो. किल्लीकडं बघतंय कोण?

ट्रॅक्टर वाटेत आडवा, आणि आम्ही तासभर पाचट चाळतोय. शेवटी मी वैतागून म्हटलं, "आवं दादा, निदान कुठल्या अंगाला पडली ते तरी सांगा!"

"मला कसं दिसंल? ग्रेनेड भिरकावल्यावर मुंडकं वर काढायचं नसतंय."

वर सुनेला विचारतात, "कळलं का पोरी? का परत दाखवू?"