डिफरन्शियलमधल्या कड्यांच्या जोडीबाबत

मी, आबिलियु तावारेश मोराइश, वय ६८ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त शिक्षक (तंत्रशाळा, यंत्र विभाग), राहणार घर क्रमांक १४, कारंज्याची गल्ली, फ्राग्वेला, आज गुरुवार, दि. १७ जुलै रोजी सकाळी १०.१५ वाजता चौकीत आपणहून हजर राहून समक्ष सांगतो ते असे :

रविवारी, दि. १३ रोजी घाटचढाईच्या शर्यतीत मृत झालेला चालक आमादेउ कोव्हाश, वय ३१, हा माझा विद्यार्थी. त्याची पत्नी देओलिंदा हीसुद्धा माझीच विद्यार्थिनी असून त्याच्या गाडीचे सर्व काम ती स्वतः करीत असे. पंचनाम्यात चालकाने घाबरून ताबा सोडल्याचे म्हटले आहे, आणि मागील आसाचे बोल्ट कसे आवळले याबद्दल देओलिंदाकडे दोनदा विचारणा झाली आहे, असे मला समजले. या दोन्ही गोष्टींबाबत मला सांगावयाचे आहे.

त्यासाठी गाडीतील लिमिटेड स्लिप डिफरन्शियल कसा चालतो हे आधी नोंदवून घ्यावे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी योजना आसाच्या मध्यभागी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. साध्या डिफरन्शियलचा दोष असा की एक चाक खडीवर घसरू लागले की इंजिनाची ताकद तिकडेच वाहून जाते आणि दुसरे चाक नुसते उभे राहते. यावर माणसाने काढलेला तोडगा फार देखणा आहे. डिफरन्शियलच्या पेटीत दोन्ही बाजूंना पातळ चकत्यांची चळत असते. एक चकती पेटीला बांधलेली, पुढची चाकाच्या दांड्याला, पुन्हा एक पेटीला. मध्ये दोन जाड कडी समोरासमोर बसतात. त्यांच्या खाचेत एक आडवी खीळ असते. चालकाने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की खीळ खाचेच्या तिरप्या बाजूवर चढते, पाचरीप्रमाणे कड्यांना दूर लोटते, चकत्या दाबल्या जातात आणि दोन्ही चाके एकमेकांना बांधली जातात. जितकी ताकद जास्त, तितकी बांधणी घट्ट. बाहेरून कोणी काही सांगण्याची गरज नसते.

खाचेची दुसरी बाजू जवळजवळ सरळ असते. पाय काढल्यावर खीळ तिला नुसती टेकते, लोटत नाही. चाके मोकळी होतात आणि गाडी वळते. म्हणजे कड्यांची जोडी उलटी बसली तर पाय दाबताना चाके मोकळी राहतील आणि पाय काढताना बांधली जातील. बांधलेल्या चाकांची गाडी सरळ जाते.

शर्यतीच्या आदल्या शनिवारी तंत्रशाळेच्या अंगणात मी डोळ्यांवर फडके बांधून डिफरन्शियल जुळवतो. ही प्रथा एकोणतीस वर्षांची आहे. किती मिनिटे लागतील याचा लोक अंदाज बांधतात. ज्याचा सर्वांत जास्त चुकेल त्याने वाइन पाजायची. कड्यावर मी कानशीने एक रेघ पाडलेली आहे. ती अंगठ्याला लागते. रेघ डाव्या हाताला आली पाहिजे, हे मी प्रत्येक वर्गाला शिकवले.

आमादेउची आधीची गाडी आणि गावातील बहुतेक गाड्या अशा की पेटीचे मोठे दातेरी चक्र डावीकडे असते. मार्चमध्ये त्याने घेतलेल्या गाडीत ते उजवीकडे आहे. तिच्यात पेटी उलट्या तोंडाने बसते, म्हणून रेघही उजव्या हाताला हवी. हे मला माहीत होते. एप्रिलमध्ये देओलिंदाला फळ्यावर आकृती काढून हे मीच समजावले होते.

शनिवारी, दि. १२ रोजी सायंकाळी सहा वाजता आमादेउच्या गाडीची पेटी समोर घेऊन मी फडके बांधले. नऊ मिनिटे झाली तेव्हा आमादेउ ओरडला, "मास्तर, चष्मा आणून देऊ का? फडक्यावरून लावा." लोक हसले. मी "तुझ्या लग्नाआधी संपवतो," असे म्हणालो. त्याच्या लग्नाला चार वर्षे झाली आहेत, म्हणून पुन्हा हसले. त्या वेळी कडी माझ्या हातात होती. अकरा मिनिटे चाळीस सेकंद लागली. बंद पेटी मी देओलिंदाच्या हाती दिली. तिने ती त्याच रात्री आसात बसवली.

रविवारी ९.१० वाजता सरावाची फेरी करून आमादेउ माझ्याकडे आला. त्याचे शब्द असे : "मास्तर, पाय काढला की ही सरळच पळायला बघते. वळायचं नावच घेत नाही."

मी त्याला सांगितले की चकत्या नव्या आहेत, तेल अजून त्यांच्यात मुरलेले नाही, दोन फेऱ्यांनी सैल होतील. गाडीच्या धुळकट काचेवर मी बोटाने चकत्यांची आकृती काढली. हे सुमारे बारा मिनिटे चालले. त्याने मध्ये एकदाही प्रश्न विचारला नाही. देओलिंदा म्हणाली, "उघडून बघू का? तासाभराचं तर काम आहे." मी गरज नाही असे सांगितले. त्याची फेरी ११.२० वाजता होती.

कपेलेच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, वळणाअगोदर रस्ता किंचित उतरतो. तेथे पाय काढावाच लागतो. गाडी न वळता कठडा तोडून दरीत गेली. मी तेव्हा वरच्या टोकाला होतो.

मंगळवारी मी देओलिंदाच्या घरी गेलो. तिने मला सूप वाढले आणि विचारले, "मास्तर, बोल्ट मी आवळले होते हो. क्रमाने, तुम्ही शिकवलंत तसे. एखादा राहिला असेल का?" मी सूप संपवले आणि घरी आलो.

आज चौकीच्या आवारात ठेवलेला आस मी दोन शिपायांसमक्ष उघडला. दहाही बोल्ट पूर्ण आवळलेले आहेत. कड्याची रेघ डावीकडे आहे, या गाडीत ती उजवीकडे हवी होती; मी चूक केली. पेटी उघडण्यास मला चार मिनिटे लागली.

आमादेउने पाय योग्य ठिकाणी काढला. 

वरील वाक्य स्वतंत्र ओळीत लिहावे अशी माझी विनंती आहे.

जबाब मला सावकाश वाचून दाखविण्यात आला. लेखनिकाने "चूक झाली" असे लिहिले होते, तेथे माझ्या सांगण्यावरून "मी चूक केली" अशी दुरुस्ती करण्यात आली व तिच्याशेजारी मी सही केली. यंत्राविषयीचा मजकूर तपासाला आवश्यक नसल्याने गाळावा असे सुचविण्यात आले. मी नकार दिला. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. याची एक प्रत देओलिंदा कोव्हाश हिला द्यावी. जबाब वाचला की तिला कळेल, ती हुशार आहे. समजावून सांगण्यासाठी मला तिच्याकडे पाठवू नये.

सही : आबिलियु तावारेश मोराइश