निम्म्या भावाची मेथी

समोरच्याची घाई ओळखून तुम्ही कधी भाव पाडला आहे का? मी वर्षभर पाडला. गडमुडशिंगीच्या आक्का मंडईत भाजी विकत. त्यांची गावी परतायची बस यायच्या बेताला मी जाई आणि मेथी निम्म्या भावात मागे. याला मी काटकसर म्हणत असे, देवापुढे समाधानाने हात जोडत असे.

एकदा आक्कांनी उरलेल्या साऱ्या जुड्या माझ्या पिशवीत घातल्या. मी पाकीट काढताच त्या भरबाजारात म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या गुरुजी! पेन्शनीत भागत न्हाय तुमचं, दिसतंय की मला. लाजताय कशाला?”

खरे सांगावे, तर वर्षभराची लबाडी कबूल करावी लागली असती. मी पाकीट परत खिशात घातले. जन्मभर मुलांना स्वाभिमान शिकवला आणि त्या दिवशी भीक घेऊन घरी आलो.