पेटीवर कुठला रंग

खेळाच्या सामानाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे भाऊ-बहीण उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वडिलांचा अंत्यविधी होता.

"शवपेटीवर हिरवी जर्सीच ठेवायची, नोरीन. बाबा वीस वर्षं हिरव्यातच हर्लिंग खेळले."

"अरे, आपला क्लब शेजारच्या किलब्रॅकवाल्यांशी एक झाला, त्याला चाळीस वर्षं झाली! तेव्हापासून आपण लाल."

"लाल बाबांनी कधी अंगाला लावलं?"

"मग दर रविवारी लाल क्लबच्या मैदानावर रेघा कोण मारायचं?"

"रेघा पांढऱ्या असतात."

"गाढवा, आता हिरवं कोण घालतं? नदीपलीकडचे! लोक म्हणतील, म्हातारा मरताना फितूर झाला."

"पण हिरवं आधी आपलंच होतं ना?"

"आपलं म्हणजे कुणाचं?"

"मलाही आता कळेनासं झालंय."

"मॅच बघायला बाबा काय घालून यायचे रे?"

"कोट. जूनमध्येसुद्धा. गळ्यापर्यंत बटणं लावून."

"आणि आत?"

"कुणी पाहिलंय?"

दुकानदाराने विचारलं, "कुठली देऊ?"

"राहू द्या. फिनबार, पेटीवर कोटच ठेवू."

"बटणं लावून?"

"गळ्यापर्यंत."