लीलाबाईच्या पोराची यादी

‘...मग आता बनुबाईची गरजच काय?’ एवढंच कानावर आलं बघा! गिरणीत भामाबाई बोलत होती, मला बघितलं आन् पिठाच्या डब्यात तोंड घातलं. आता अर्धं बोलून गप बसायचं म्हणजे माणसाच्या जिवाला घोर का न्हाई? मला मेलीला काय करायचंय म्हणा! पण तुम्हीच सांगा, आळीत लग्न निघालं की आवतणाला मी फिरते. कोण कुणाच्या नात्यातलं, कोण कुणावर रुसलंय, सगळं माझ्या डोक्यात. आन् माझी गरज न्हाई?

मग कळलं. लीलाबाईचा नाथाजी पुण्याला काम्प्युटरच्या हापिसात. तिथं म्हणं मशीनला द्यायच्या सूचनांचं हे एवढं बाड, पंचवीस जणांनी लिहिलेलं. एक सूचना बदलली की ती आणखी कुठं कुठं लागते, हे हुडकता हुडकता चार-चार दिवस जायचे. ह्यानं मशीनलाच यादी करायला लावली. कुठलं नाव, कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत, कुणाशी जोडलेलं... बोट ठेवलं की सापडलं! सायेब खूश. लीलाबाईचं तर पाय जमिनीला लागंनात. ‘आमच्या नाथाजीला सायबानं खुर्ची दिली वं!’ आवं, खुर्ची माझ्या पोराला, अर्जुनालाबी फौजेत देत्यात की! ...देतच असतील.

एवढ्यावर थांबला असता तर! दिवाळीला आला तवा आईला इचारून सगळ्या आळीची नावं लिहून नेली आन् बहिणीच्या, अंजनाच्या लग्नाला ही लांबलचक घडीची कागदं घेऊन हजर. कडेला भोकं भोकं, हिरवे पट्टे. कोण, कुठल्या बोळात, कुणाचं कोण. सगळ्या बाया वाकून वाकून बघतायत. मीबी बघितली. मला मेलीला काय करायचंय, पण बघितली.

आन् बघितल्या बघितल्या कळलं! तात्याबाच्या घरापुढं एकच आवतण. आवं, संक्रांतीलाच त्याची पोरं येगळी झाली. आमच्याकडं आवतण चूलबंद, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच न्हाई. जेवढ्या चुली, तेवढी आवतणं! धाकट्या नानासोची चूल त्या कागदात न्हाईच.

मी बोलले का? न्हाई बोलले. खरं सांगते, तोंडात पान धरल्यागत गप बसले. बघू या म्हटलं, कागद काय दिवे लावतोय!

लावले की! कागद बघून आवतणं गेली, आन् नानासोची बायको रंगुबाई लीलाबाईच्या दारात उभी. ‘आमची चूल काय रस्त्यावर हाय व्हय? आमी न्हाई येत लग्नाला!’ आन् मांडवाचा सगळा बांबू नानासोच्या मळ्यातला. उद्या हळद, आन् मांडव उघडाबोडका. सांजच्याला अंजना माझ्याकडं आली. माझा हात धरून म्हणाली, ‘काकू, तुमीच काय तरी करा.’ मग काय सांगू... त्या चार दिवसांत पहिल्यांदा मला माझीच लाज वाटली. तशीच उठले, कुंकवाचा करंडा घेतला, रंगुबाईच्या दारात गेले, ‘चूक माझी गं बाई, मीच इसरले’ म्हटलं. अर्धं तरी खरंच की ते! बांबू आले.

लग्न लागल्यावर नाथाजी पाया पडला. ‘काकू, हापिसातबी हेच व्हतंय. बाडात कुणी बदल केला की यादी शिळी. पुन्हा काढावी लागती.’

‘मग काढ की, मला मेलीला काय करायचंय!’

‘पण काय बदललं ते पुण्यात मला कोण कळवणार? दर महिन्याला एक पोष्टकार्ड टाकाल?’

म्हणजे भामाबाई म्हणत होती ते खोटं न्हाई, आन् खरंबी न्हाई. गरज हाय, पण पोष्टकार्डाएवढी! आवं, आमच्या आळीची एका दिवसाची भांडणं तरी मावत्यात का पोष्टकार्डात?

...पाच आणलीत. चार भरली. आन् आज महिन्याची तीन तारीख!