भिंतीकडची फांदी

नाही नाही, ती नको दादा, ती लालच आहे — ही, भिंतीकडची, हिला पिवळी फुलं येतात. येत होती म्हणा. अख्खं झाड लाल जास्वंदीचं आणि ह्या एकाच फांदीला पिवळं — कुणी कलम केलेलं नाही हो, आपोआप. तुम्ही काय म्हणालात मघाशी — फांदीच्या आतच काहीतरी बदलतं, रंग ठरवणारं? असेल. वत्सला, माझी बायको, म्हणायची, लाल गणपतीची, पिवळी माझी. मी ओझरच्या कारखान्यात होतो — पहिल्या पाळीला निघताना एक तोडायचं आणि तिच्या अंबाड्यात खोचायचं. हसू नका, रोज, रिटायर होईपर्यंत.

आता तिला काही आठवत नाही. पुण्याहून योगेश आला, पोटचा पोरगा, तर त्याला पाहुण्यासारखा चहा विचारते. आणि मला — "काका, कोण पाहिजे?" पण हे पिवळं फूल माझ्या हातात असलं ना, की मान वळवून अंबाडा पुढं करते, म्हणते, "बस चुकेल तुमची." तेवढं एकच वाक्य. मला दिवसभर पुरतं ते — खोटं कशाला बोलू, पुरत नाही, पण आहे ते तेवढंच आहे. तुमच्या नर्सरीतली दुसरी पिवळी जास्वंद नेली होती ना मी? तिच्या फुलाकडे बघतसुद्धा नाही ती.

आणि यंदा ही फांदी उलटी फिरली. एकेक कळी लालच उमलायला लागली. आज पिवळं हे एवढंच फूल आहे, तेही अर्धं लाल, म्हणून तर तुम्हाला घाईनं बोलावलं. ह्याच काडीची कलमं करा, दोन करा, चार करा, जेवढी निघतील तेवढी — काय? कलमालाही लाल येईल? कधीकधी, की नक्कीच? — राहू दे, सांगू नका. तुम्ही करा.

थांबा, बाहेर आली ती. ते फूल द्या इकडं. पिवळी बाजू पुढं धरतो.

वत्सला, हे बघ. तुझं फूल. — नाही गं, गणपतीचं नाही, नीट बघ ना, ह्या बाजूनं बघ — कोण? मी —

मी माळी, बाई. झाडाला पाणी घालायला येतो. हळू या, पायरी आहे तिथं.

जा दादा तुम्ही. फाटक ओढून घ्या.