पाहुण्यांच्या छातीतली स्प्रिंग

पुरवणी जबाब

माझे नाव व पत्ता आधीच्या जबाबात लिहिला आहे तोच. वय ५८ वर्षे. धंदा : कारखान्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षे ड्रेसर होतो, आता निवृत्त. दर रविवारी सकाळी आठ ते दहा स्काऊट पथकाच्या मुलांना प्रथमोपचार शिकवतो. आज मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, कोणी बोलावलेले नसताना, आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

गेल्या शुक्रवारी याच टेबलावर माझा जबाब झाला. तो सहा ओळींचा आहे. एका वृद्ध गृहस्थांच्या अकस्मात मृत्यूची चौकशी चालू आहे. त्यांचे हृदय थांबल्यावर ते चालू व्हावे म्हणून त्यांच्या दहा वर्षांच्या नातीने त्यांच्या छातीवर दाब दिला होता, तो तिला कोणी शिकवला, एवढेच मला विचारले होते. मी सांगितले की मीच शिकवला, रीतसर शिकवला, मुलगी परीक्षा पास आहे, आणि ऐनवेळी घाबरल्यामुळे तिचा दाब कमी पडला असावा. त्यातले ‘रीतसर’ खोटे आहे आणि ‘घाबरल्यामुळे’ त्याहून खोटे आहे.

शिकवण्यासाठी माझ्याकडे रबराचा एक पुतळा आहे. कमरेपासून वर आहे, पाय नाहीत. मुले त्याला ‘पाहुणे’ म्हणतात, कारण सगळे त्यांच्याभोवती राबतात आणि हे आपले आडवे. पाहुण्यांच्या छातीत एक स्प्रिंग आणि पत्र्याची चकती आहे. छाती पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटे खाली गेली की चकती ‘कट्’ वाजते. वाजली म्हणजे दाब पुरा. मोठ्या माणसाला त्यासाठी बऱ्यापैकी जोर लावावा लागतो. खऱ्या माणसाच्या छातीलाही तेवढाच लागतो.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी तालीम घेतली. सव्वीस मुलांपैकी चौघांना आवाज काढता आला, तेही चौदा-पंधरा वर्षांचे. बाकीची लहान. एक मुलगा रडला. न्यायला आलेल्या एका वडिलांनी विचारले, “सर, आमच्या पोरांना जमत नाही, की तुमच्या पाहुण्यांनाच उठायचं नाही?” सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागले. पुढच्या रविवारी पालक येणार होते, पथकप्रमुख बाईंनी खुर्च्या मांडायला सांगितल्या होत्या, आणि चारच मुलांना मिळणाऱ्या टाळ्यांवरून माझे वर्षभराचे काम दिसणार होते.

शनिवारी दुपारी मी घरी पाहुण्यांची पाठ उघडली. आतली स्प्रिंग काढली आणि मोडक्या आरामखुर्चीच्या बैठकीतली मऊ स्प्रिंग कापून बसवली. बायकोने विचारले, काय चालले आहे. मी म्हटले, पाहुण्यांचे ऑपरेशन. ती म्हणाली, जेवायच्या टेबलावर नको. मग अंगठ्याने दाबून पाहिले. अंगठ्यानेही कट् वाजले. मूळची स्प्रिंग मी टेबलाच्या खणात ठेवली आणि समारंभ झाला की सोमवारी परत बसवायची असे ठरवले.

समारंभात सव्वीसच्या सव्वीस पास झाली. प्रत्येक कट्ला मुले ओरडत होती, पाहुणे उठले म्हणून. मयत गृहस्थ पहिल्या रांगेत होते. ते घड्याळे दुरुस्त करत असत. त्यांची नात पथकात सगळ्यात लहान, म्हणून तिला सगळे ‘बटण’ म्हणतात. हाताची झोळी बांधायचा सराव ती आजोबांवर करायची, आणि तशीच झोळी गळ्यात अडकवून ते तिला पोचवायला यायचे, काढायचे नाहीत. त्या दिवशी बटणने एका दमात तीस दाब दिले, तीसही वाजले. आजोबा नंतर माझा हात धरून म्हणाले, “सर, आता मला काळजी नाही. घरात डॉक्टर आहे.” मी म्हटले, अगदी पक्की डॉक्टर आहे. असे मी म्हटले हे मला आठवते.

सोमवारी स्प्रिंग बदलली नाही. पुढचे पाच आठवडे बदलली नाही. शुक्रवारी विचारले असते तर विसरलो असे सांगितले असते, पण विसरलो नव्हतो. मुले खूश होती, पालक रस्त्यात थांबवून बोलत होते, मला ते आवडत होते. दुसरे कारण नाही.

याहून वाईट गोष्ट अशी की त्या पाच आठवड्यांत मी मुलांना दर रविवारी एकच वाक्य सांगत होतो : माणसाच्या छातीत कट् वाजत नाही, म्हणून किती दाबायचे ते आपल्या हातालाच पाठ करून द्या. सव्वीस मुलांच्या हातांना मी चुकीचे पाठ करून दिले.

घटना गेल्या बुधवारची, दुपारी सव्वाचारच्या सुमाराची. मी तेथे नव्हतो. जे सांगतो ते बटणने आणि वरच्या मजल्यावरच्या प्लंबरने मला सांगितलेले आहे. गुरुवारी मी त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो, तेव्हा प्लंबरने जिन्यात सगळे सांगितले. म्हणजे शुक्रवारी जबाब देताना मला सगळे माहीत होते.

मुलीची आई शिवणकामाच्या कारखान्यात कामावर होती. मुलगी शाळेतून आली तर आजोबा टेबल आणि कपाटाच्या मध्ये पडलेले. तिने खांदे थोपटून हाक मारली, श्वास पाहिला, आजोबांच्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली, पत्ता खुणेसकट सांगितला, दार उघडे ठेवून जिन्यात ओरडली, टेबल सरकवले आणि दाब द्यायला बसली. यात एकही पायरी चुकलेली नाही. मी कारखान्यात एकतीस वर्षांत मोठमोठ्या फोरमनना यातले निम्मे विसरताना पाहिले आहे.

प्लंबर धावत खाली आला. पाइप पिळणारे हात आहेत त्याचे, आपण पाहिलेच असतील. त्याने विचारले, मी करू का. बटण मोजणे न थांबवता म्हणाली, “नको काका, मला येतं, मी पास आहे.” तो बाजूला उभा राहून तिच्याबरोबर आकडे मोजत राहिला. रुग्णवाहिका अकरा मिनिटांनी आली. त्यातल्या माणसाने तिला उचलून बाजूला केले आणि स्वतः दाब दिला, तेव्हा आजोबांची छाती तीन बोटे खाली गेली. ते मुलीने पाहिले. तो माणूस कामाच्या घाईत म्हणाला, “पोरी, दाब असा असतो.” दवाखान्यात आजोबा वारले.

मला म्हणायचे आहे ते असे. जुनी स्प्रिंग असती तर बटणला आवाज कधीच काढता आला नसता. ती नापास झाली असती, कदाचित रडली असती, आणि तिला एक खरी गोष्ट समजली असती, की हे आपल्याच्याने होत नाही, हे मोठ्या माणसाला करायला सांगायचे. ते शिकवणेच माझे काम होते. मग तो प्लंबर नुसता आकडे मोजत उभा राहिला नसता.

रविवारी वर्ग होता. ती येईल असे वाटले नव्हते. गणवेश घालून आली, गळपट्टा नीट, पाहुण्यांना हात लावला नाही. वर्ग सुटल्यावर दप्तरातून प्रमाणपत्र काढून माझ्यापुढे धरले. म्हणाली, “सर, हे परत घ्या. मी नापास आहे. घरात कुणाला सांगितलं नाहीये.”

मी ते घेतले. बरं, म्हणालो. एवढेच म्हणालो. घरी येऊन प्रमाणपत्र खणात ठेवले, त्या खणात ती स्प्रिंग होती. आयुष्यात मी माणसांची बोटे यंत्रातून सोडवली आहेत, पण दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर दोन वाक्ये खरी बोलायला माझी जीभ उचलली नाही. मला माझी लाज वाटते. हे वाक्य जबाबात लागत नाही असे जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार बाईंचे म्हणणे आहे, तरी माझ्या विनंतीवरून घेतले आहे.

अंमलदार साहेबांनी मला समजावून सांगितले की मृत्यू हृदयविकाराने झाला आहे, डॉक्टरांच्या मते दाब पुरा असता तरी काही सांगता आले नसते, यात गुन्हा बनत नाही, आणि कागद दोन दिवसांत बंद होतील, कोण वाचणार आहे. डॉक्टरांचे ते वाक्य मी शुक्रवारीही येथे ऐकले होते, तेव्हापासून मी त्याला धरून बसलो आहे, झोपतानाही. पण ते माझ्यासाठी नाही. कागद बंद होतील तेव्हा त्यात ‘मुलगी घाबरली’ असे असेल, आणि ते मी घातले आहे. आधीचा जबाब खोडता येत नाही असे सांगण्यात आले, म्हणून हा त्याला जोडावा.

मूळची स्प्रिंग आणि मऊ स्प्रिंग मी आज सोबत आणून हजर करत आहे. येत्या रविवारी सव्वीस मुलांना व त्यांच्या पालकांना हेच सांगणार आहे, तसे पथकप्रमुख बाईंना काल कळवले आहे. पुढे शिकवायचे की नाही ते त्या ठरवतील.

मुलगी व तिची आई त्यांच्या स्वतःच्या जबाबांवरच्या सहीसाठी आज बोलावल्याप्रमाणे बाहेर बाकावर बसलेल्या होत्या. मी विनंती केली की हा जबाब तिच्यासमोर वाचावा, कारण माझ्याच्याने तिला तोंडी सांगणे होईल याची मला खात्री नाही. आईची परवानगी घेऊन दोघींना आत बोलावले. वाचून झाल्यावर पुढील मजकूर वाढवला आहे.

 मुलीने टेबलावरची मूळची स्प्रिंग उचलली, अंगठ्याने दाबली, नंतर टेबलावर उभी धरून दोन्ही तळवे ठेवून, मी शिकवल्याप्रमाणे कोपर ताठ ठेवून दाबली. ती अर्ध्यापर्यंतही गेली नाही. मुलगी मला म्हणाली, “हे माहीत असतं तर मी काकांना हो म्हटलं असतं.”

मी हो म्हणालो. तू बरोबर केलंस, चूक मी शिकवली, असेही म्हणालो. आईने माझ्याकडे पाहिले नाही. प्रमाणपत्र मी परत आणले होते, पण ते तिला द्यावे की देऊ नये हे मला समजले नाही, ते माझ्या खिशातच आहे.

जबाब दोन वेळा वाचून झाला, एकदा माझ्यासाठी आणि एकदा तिच्यासाठी. मी सांगितले तसाच लिहिला आहे आणि तो खरा आहे. मुलीने विचारले, मी कुठे सही करू. हवालदार बाईंनी तिला सांगितले की या कागदावर तिची सही लागत नाही, फक्त सरांची लागते. त्याप्रमाणे खाली सही केली आहे.