निल्दाचे केस आणि माझी घोडी

नाही, पण मी म्हणतो, मला बोलायला कुणी सांगितलं होतं? चांगला गप्प बसून भाजलेला मका खात होतो की! अब्दोनच्या घराला नवं छप्पर चढलं होतं, अख्खी वस्ती जेवायला, मक्याच्या दारूचा, चिचाचा तिसरा वाडगा माझ्या हातात, आणि अब्दोनची बायको साबिना आपल्या वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन समोरून गेली हो… नुसती गेली! आणि मी उठलो. उठलो तो उठलो, टोपी काढली, आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "या निल्दाचे पहिले केस मी कापणार! मी तिचा धर्मबाप! आणि त्या दिवशी तिला माझ्या दावणीची घोडी देणार!" टाळ्या काय, मिठ्या काय! अब्दोन तर रडलाच. लहानपणापासूनचा दोस्त, मेंढरं एकत्र राखलेली आम्ही. त्या घटकेपासून मला 'कोंपाद्रे' म्हणायला लागला, म्हणजे आता सख्ख्या भावापेक्षा जवळचा. घरी जाताना माझी बायको ओतिलिया एवढंच म्हणाली, "फोर्तुनातो, तुझ्या तोंडाला बसेल असं बूच मिळतं का रे कुठं?"

आता तुम्ही म्हणाल, घोडी म्हणजे केवढी गोष्ट, बोललास कसा? अहो, तेव्हा ती घोडी नव्हतीच! शिंगरू होतं. पायांच्या काटक्या, डोळ्यांना चिपडं, दर दोन दिवसांनी जुलाब. ते जगेल असं कुणालाच वाटत नव्हतं… तुम्हाला म्हणून सांगतो, मलाही नव्हतं वाटत. मेलंच तर 'काय करणार कोंपाद्रे, आपलं नशीब!' म्हणायचं आणि एखादी म्हातारी मेंढी पुढं करायची, असं आपलं माझ्या मनात. पण शिंगरू काही मेलं नाही हो! वाढलं. दिसामासानं वाढलं! रंग दालचिनीचा, म्हणून कानेला म्हणायचो. आणि चाल? पाच हजार मीटरची खिंड अशी चढते की वर बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळत नाही. आमच्या वायवाशच्या डोंगरांत परदेशी लोक येतात, आठ-आठ दिवस तळ्यांच्या काठाकाठानं चालतात, हौस असते एकेकाला! त्यातला एखादा उंचीनं गळाठतो, मग त्याला घोड्यावर घालून खाली आणायचं. त्यांचं सामान वाहायला गाढवं माझ्याकडे सहा आहेत, त्यांना कुणी नावानं ओळखत नाही. कानेलाची मात्र आधी चौकशी व्हायची, मग माझी.

तर इकडे घोडी वाढतेय आणि तिकडे निल्दाचे केस! आमच्याकडे धर्मबापाची कात्री लागेपर्यंत पोराच्या केसांना कुणी हात लावत नाही. कापायचे नाहीत, विंचरायचेसुद्धा नाहीत. साधारण दोन-तीन वर्षांत उरकतात लोक. हिची सहा वर्षं झाली! डोक्यावरून दोरखंड लोंबायला लागले. झोपली की मानेला टोचायचे, धुतले की दोन दिवस वाळायचे नाहीत. शाळेत पोरं तिला 'आल्पाका' म्हणायची, त्या लोकरीनं डोळे झाकलेल्या जनावरासारखी दिसते म्हणून. आणि अब्दोन, देवमाणूस, दर हंगामाला विचारायचा, "कोंपाद्रे, कधी?"

"बटाटे निघू देत."

"कोंपाद्रे, निघाले बटाटे."

"मग आता पाऊस संपू दे."

"संपला की, कोंपाद्रे."

"संपला? अरे मग माझा कामाचा हंगाम सुरू झाला!"

कधी विचारलं नाही हो त्यानं, 'घोडीवर जीव जडलाय का तुझा?' विचारलं असतं तर… तर मी नाहीच म्हणालो असतो. पण मला बोलायला कुणी सांगितलं होतं?

आणि त्या वर्षी जुलैमध्ये ती मंडळी आली. हॉलंडची चौघं. त्यातली मारायके म्हणून एक बाई, उंच, इतकी उंच की बोलताना तिच्या तोंडाकडे बघावं तर माझी टोपी मागं पडायची. सोबत तिचा नवरा. माणूस बारीक, बूट नवे, शिखर दिसलं की उसासे टाकणारा. आता तिसऱ्या दिवशी मुक्काम कारवाकोचाला असतो. तळं सुंदर, प्रश्नच नाही, पण काठावर वस्ती कुणाची? अब्दोनची! दरवेळी मी काहीतरी सबब काढून पलीकडच्या काठानं सटकायचो. त्या दिवशी बघतो तर पलीकडचा काठ चिखलानं भरलेला. झालं! मी काय करावं? मी म्हणालो, "खालच्या वाटेनं काय, सगळेच जातात! वरून चला. वरून तीन तळी एकाखाली एक दिसतात, एक निळं, एक हिरवं आणि एक… तुम्हीच बघा!" मारायके खूश! "फोर्तुनातो, तू खरा डोंगराचा माणूस!" म्हणे. खरा डोंगराचा माणूस सहा वर्षांच्या पोरीला चुकवायला चार तासांचा चढ चढत होता.

दुपारी एकला गारा लागल्या. या एवढ्या! तळी बिळी सगळी गडप, स्वतःचा हात दिसेना. गाढवांनी वाऱ्याकडे ढुंगणं केली आणि उभी राहिली, ढकला, ओढा, शिव्या घाला, नाव नाही! आणि तेवढ्यात मारायकेचा नवरा उलट्या करायला लागला, ओठ निळे पडले. आता मात्र खाली न्यायलाच पाहिजे, लगेच. चढवला कानेलावर. आणि तिथून खाली जायची वाट एकच… आता तुम्हीच सांगा ती कुठं उतरत असेल? सरळ अब्दोनच्या अंगणात!

अब्दोन दारात. आधी घोडी दिसली त्याला, मग मी. आणि त्याचा चेहरा असा उजळला म्हणता… "साबिना! अगं साबिना, कोंपाद्रे आला! घोडी घेऊन आला!" मी म्हणतोय, "अरे, थांब, पेशंट आहे वर," पण ऐकतो कोण? पेशंटला चुलीजवळ निजवला, कोकाचा काढा पाजला, दोन घोंगड्या घातल्या, तासाभरात गडी बटाटे मागायला लागला. तोवर साबिनानं चार गिनीपिग सोलून तळायला घेतले होते आणि फडताळातून ती बशी काढली. पांढरी बशी, त्यात लाल फीत बांधलेली कात्री. पाच वर्षं फडताळात होती हो ती! दरवर्षी फीत बदलत होती साबिना, उगीच जुनी नको म्हणून. शेजारीपाजारी जमले. निल्दाला मधोमध स्टुलावर बसवली. तिनं डोळे मिटून मान पुढं केली.

मी म्हणालो, "आज कसं जमेल?"

"का रे?" अब्दोन म्हणाला.

"घोडी कामावर आहे ना! या लोकांना खाली पोचवायचंय. मधल्या वाटेत कशी देऊ?"

"मग नको देऊस आज. आज एक बट काप फक्त. घोडी मागाहून, नाहीतर नाहीच. पोरीचे केस काप, कोंपाद्रे."

ऐकलंत? नाहीतर नाहीच, म्हणाला तो. सुटलो होतो हो मी! घोडी माझी, पोर माझी, नुसती कात्री उचलायची! आणि मी काय केलं? छाती पुढं काढली आणि म्हणालो, "रिकाम्या हातानं? मी? फोर्तुनातो दिल्या शब्दाचा माणूस आहे! कापीन तर घोडी देऊनच कापीन!" मला बोलायला कुणी… जाऊ द्या. आणि "गाढवं बघून येतो" म्हणून बाहेर काढता पाय घेतला. कुंपणाच्या भिंतीआड बसून राहिलो. कानेला शेजारीच होती. ती निवांत गवत खात होती.

आत आलो तर मारायके गुडघ्यांवर, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात निल्दाची बट. मागाहून साबिनानं सांगितलं, मी बाहेर गेलो तसं पोरीनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं, स्टुलावरून उतरली, बशी उचलली आणि खोलीतल्या सगळ्यात उंच माणसापुढं नेऊन धरली. बाईला वाटलं, लेकराचे केस गुंतलेत, मदत मागतंय. कापली! आणि आमच्यात पहिली बट ज्यानं कापली तो धर्माचा बाप नाहीतर आई. त्यात मागं-पुढं नाही. कापलेला केस काय परत चिकटवता येतो?

अब्दोननं माझ्याकडे बघितलं. शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "बाईंना विचार, पोरीला आपली मानतील का." कारण बाईला येते मोडकीतोडकी स्पॅनिश, घरात सगळे बोलतात केचुआ, आणि मधला दुभाषी कोण? मी!

"काय म्हणतायत?" मारायकेनं विचारलं. "माझं काही चुकलं का?"

आता बघा हं. मी काहीही सांगू शकलो असतो! 'ते म्हणतायत, कात्री ठेवा खाली, जेवायला चला.' संपला विषय! तोंड उघडलंसुद्धा. पण निल्दा माझ्याकडे बघत होती. ओठ आवळून, टक लावून. तिला माहीत होतं हो मी काय सांगणार ते. सहा वर्षांची पोर, तिनं माझ्या तोंडून दुसरं ऐकलंच काय होतं? मग मी सांगितलं. खरं तेच सांगितलं. "बाई, ते विचारतायत, तुम्ही हिच्या धर्मआई व्हाल का?" बाई रडायला लागली. स्वतःचं पिसं भरलेलं लाल जाकीट काढून पोरीला घातलं, ते तिच्या घोट्यांपर्यंत आलं. आणि मग काय म्हणायचं असतं, कुणाला मिठी मारायची, पहिला वाडगा कुणाच्या हातून घ्यायचा, ते सगळं तिला एकेक करून मीच सांगत बसलो.

मग बाकीच्यांनी एकेक बट कापली. माझा नंबर अकरावा. कानामागची मिळाली. सगळं डोकं मोकळं झाल्यावर निल्दानं मानेवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि खदाखदा हसत सुटली. त्या पोरीची मान मी पहिल्यांदा बघितली हो. माझ्यामुळं सहा वर्षं झाकलेली होती. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आजही वाटतं, लपवून काय करायचंय?

आता हंगामात दर पंधरवड्याला जातो तिथून. चुकवून नाही, काठाकाठानं जातो. बाईंची पार्सलं माझ्याच पत्त्यावर येतात, वर टपाल जात नाही ना! निल्दा पळत येते. "काका, माझ्या धर्मआईचं काही आलं?" काका! बूट असतात, चित्रांची पुस्तकं असतात, मी देतो आपला. आणि गेल्या महिन्यात मनाचा हिय्या केला. कानेलाला धुतली, आयाळीत फिती बांधल्या, तीन दिवस चालत नेली आणि अब्दोनच्या हातात दोर दिला. म्हटलं, "घे. निल्दाला. बोललो होतो."

त्यानं कानेलाच्या मानेवर थोपटलं. दात बघितले, खूर बघितले. मग दोर माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाला, "घोडी छानच आहे, फोर्तुनातोराव. पण आम्ही कशी घ्यायची? तुमचं-आमचं आता नातं काय?"

फोर्तुनातोराव! तुमचं-आमचं! चाळीस वर्षं 'अरे-तुरे' करणारा माणूस! चहा दिला, चांगला दोनदा दिला, अंगणापर्यंत सोडायला आला. येताना तीन दिवस मी तिच्यावर बसलोसुद्धा नाही, फितींसकट तशीच चालवत आणली, खिंडीत भेटेल तो विचारतो, "कुणाचे केस कापायला निघालास, फोर्तुनातो?"

तर असं आहे. घोडी बाहेर बांधली आहे. शहाणी आहे, दातांनी पक्की आहे, तिला काही एक लागत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी… नाही, सहज विचारतो… बिनकापल्या केसांचं एखादं पोर आहे का हो?